हायड्रोपोनिक्स: पंप दिवसातून किती वेळा आणि किती मिनिटं चालवावा?

अर्धीबादली यांचा प्रश्न:

घरातल्या हायड्रोपोनिक्सच्या (मातीविना, पोषकद्रव्यं मिसळलेल्या पाण्यावर झाडं वाढवण्याच्या) मांडणीसाठी पाण्याचं वेळापत्रक ठरवायचं आहे. वाचावं तिथे वेगळा आकडा मिळतो. कुणी दर दोन तासांनी म्हणतं, कुणी दिवसातून दोनदा, तर कुणी सतत. म्हणून मांडणीची सगळी माहिती देते.

१. ट्रे: ६० × ४० सेंमी, खोली १८ सेंमी, क्ले बॉलनी (भाजलेल्या मातीच्या गोळ्यांनी) भरलेला. पाणी खालून चढतं आणि पंप बंद झाला की त्याच वाटेने उतरतं. लेट्यूस आणि बेसिल, मिळून ८ नेट पॉट (जाळीच्या कुंड्या).

२. दोन बादल्या: प्रत्येकी १२ लिटर, ७० टक्के कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि ३० टक्के परलाइट (हलके पांढरे खनिज कण). प्रत्येकीत एक चेरी टोमॅटो, वय साधारण सात आठवडे, फुलं सुरू आहेत. प्रत्येक बादलीत ४ लिटर प्रतितासाचे दोन ड्रिपर.

३. खाली ४० लिटरची एकच टाकी आणि एकच पंप. ट्रेला आणि ड्रिपरना तोच पाणी देतो. निचरा परत टाकीत येतो. द्रावणाचा ईसी (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण दाखवणारा आकडा) १.७, पीएच (आम्लता) ६.०.

४. दिवे सकाळी ६ ते रात्री ८. टायमर खिट्ट्यांचा, एक खिट्टी १५ मिनिटांची. सध्या चोवीस तास, दर दोन तासांनी १५ मिनिटं.

लक्षणं: लेट्यूस बरं आहे, पण वरच्या क्ले बॉलवर पांढरा थर आणि मध्येमध्ये हिरवं शेवाळ. टोमॅटोची पानं दुपारी खाली वळतात, सर्वांत खालची दोन-तीन पिवळी पडली आहेत. पाणी वाढवायचं की कमी करायचं? आणि रात्री द्यायचं का?

---

मुळारंभ यांचा प्रतिसाद:

तुमच्याकडे दोन वेगळ्या पद्धती आहेत आणि दोन्ही एका टायमरवर टांगलेल्या आहेत, गोंधळ तिथेच आहे. ट्रेसाठी जे वेळापत्रक ठीक आहे तेच बादल्यांना बुडवतंय. त्यामुळे एका आकड्यात उत्तर मिळणार नाही.

आधी तत्त्व. मुळांना पाण्याइतकाच ऑक्सिजन लागतो. पाण्यातून ऑक्सिजन हवेच्या मानाने साधारण दहा हजार पट हळू पसरतो, म्हणून माध्यमातली सगळी छिद्रं पाण्याने भरली की मुळांजवळचा ऑक्सिजन बघता बघता संपतो. पाणी किती वेळा द्यायचं हे ठरतं ते त्या छिद्रांत हवा परत यायला किती वेळ लागतो यावरून. क्ले बॉलमध्ये ट्रे उतरला की लगेच हवा आत ओढली जाते. कोकोपीट मात्र स्पंजसारखं पाणी धरून बसतं, तिथे झाडाने पाणी प्यायल्यावरच जागा मोकळी होते.

ट्रे. क्ले बॉलमध्ये दर दोन-तीन तासांनी भरणं दिवसा योग्यच आहे. दिवे लागल्यावर अर्ध्या तासात पहिलं, दिवे जायच्या तासभर आधी शेवटचं, मध्ये समान अंतराने. लेट्यूस-बेसिल मोठं झाल्यावर दिवसात ५-६ वेळा, लहान असताना ४ वेळा पुरतं. रात्री झाडाची पाण्याची ओढ फारच कमी असते, त्यामुळे शून्य किंवा फार तर एकदा. खोली खूप कोरडी किंवा गरम असेल तर मध्यरात्रीचं एक ठेवा.

मिनिटांचा हिशेब असा: ट्रेमध्ये १५ सेंमी उंचीपर्यंत पाणी म्हणजे ६० × ४० × १५ = ३६ लिटरची जागा. त्यातली निम्म्याहून जास्त क्ले बॉलच व्यापतात, म्हणजे पाणी साधारण १५-१६ लिटर. ते ५ मिनिटांत भरायचं तर प्रत्यक्ष त्या उंचीवर ताशी २०० लिटर देणारा पंप हवा. पंपावर लिहिलेला आकडा शून्य उंचीचा असतो, म्हणून ६००-८०० लिटरचा घेतलात तर निर्धास्त. ५ मिनिटं भरायला, ५-१० मिनिटं वर राहायला, मग उतार. १५ मिनिटांची खिट्टी इथे पुरेशी आहे. ट्रे उतरायला मात्र १५ मिनिटांहून जास्त लागत असतील तर पंपाची जाळी तुंबली आहे किंवा नळी बारीक आहे.

पांढरा थर हा क्षारांचा. पाणी बॉलमधून वर चढतं, उडून जातं, क्षार मागे राहतात. वरचे ३ सेंमी बॉल पाण्याबाहेर राहतील इतकीच ओव्हरफ्लो पाइपची (जादा पाणी परत टाकीत सोडणाऱ्या पाइपची) उंची ठेवा. पृष्ठभाग कोरडा राहिला की शेवाळही थांबतं, कारण त्याला ओल आणि उजेड दोन्ही लागतात. साचलेला थर महिन्यातून एकदा वरून साधं पाणी ओतून धुवा आणि ते पाणी टाकीत न जाऊ देता बाहेर काढा.

बादल्या. इथे आकडेमोड करून बघा. दोन ड्रिपर × ४ लिटर = ताशी ८ लिटर. १५ मिनिटांत २ लिटर. दिवसातून १२ वेळा, म्हणजे २४ लिटर. फुलावर आलेला घरातला चेरी टोमॅटो दिवसाला दीड-दोन लिटर पितो. बाकी सगळं नुसतं वाहून जातंय आणि जाताना कोकोपीट चोवीस तास तुडुंब ठेवतंय. पानं खाली वळण्याचं कारण बहुधा हेच.

---

ठिबक_ठिबक यांचा प्रतिसाद:

मुळारंभ यांच्या निदानाशी सहमत, पण २४ लिटरचा आकडा मला पटत नाही.

ड्रिपरवर छापलेले ४ लिटर हे साधारण १ बार दाबाला असतात. १ बार म्हणजे पाण्याचा १० मीटर उंच स्तंभ. घरगुती बुडीत पंप दीड-दोन मीटर उचलतो, म्हणजे दाब फार तर ०.१५ ते ०.२ बार, आणि इथे त्यातलाही काही ट्रेकडे जातोय. साध्या ड्रिपरचा प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटतो, म्हणजे ४ ऐवजी दीड लिटरच्या आसपास मिळत असणार. प्रेशर कॉम्पेन्सेटिंग (दाब बदलला तरी प्रवाह सारखा ठेवणारे) ड्रिपर असतील तर इतक्या कमी दाबाला ते नीट उघडतही नाहीत, एकातून धार आणि दुसऱ्यातून थेंबही नाही असं होतं.

म्हणून छापील आकड्यावर वेळापत्रक बांधू नका. बादलीचे दोन्ही ड्रिपर मोजपात्रात सोडा, पूर्ण १५ मिनिटं पाणी गोळा करा, मिलिलिटर लिहा. दोन्ही बादल्यांचं वेगवेगळं मोजा. फरक १० टक्क्यांहून जास्त असेल तर कमी देणारा ड्रिपर तुंबलाय. कोकोपीटचे तंतू आणि कॅल्शियम-फॉस्फेटचा साका ही नेहमीची कारणं. निचरा टाकीत परत येत असेल तर पंपाच्या पुढे १२० मेशचा (बारीक जाळीचा) फिल्टर हवाच.

दुसरं मोजमाप वजनाचं. लटकता काटा घ्या (सामान मोजायचा चालतो, ५० ग्रॅमचा फरक दाखवणारा असला की झालं) आणि:

अ) बादलीला पाणी द्या, निचरा थांबेपर्यंत अर्धा तास थांबा, वजन घ्या. हे भरलेलं वजन.
आ) दिवे चालू असताना ५-६ तास ड्रिपर बंद ठेवून पुन्हा वजन घ्या. तुमच्या बादलीत इतक्या वेळात झाड सुकणार नाही.
इ) दिवे जाताना एक वजन आणि सकाळी दिवे लागताना एक, मध्ये पाणी न देता.

१ किलो घट म्हणजे १ लिटर पाणी. बोट खुपसून बघण्याला कोकोपीटमध्ये काही अर्थ नाही, वरचा थर कोरडा असताना तळाशी चिखल असू शकतो. बादलीच्या तळाशी काही सेंमी थर निचरा झाल्यावरही भरलेलाच राहतो, तो बोटाला कधी लागतच नाही.

जाता जाता निचऱ्याचा ईसीही मोजा.

---

जलपर्णी यांचा प्रतिसाद:

पानं "खाली वळतात" की "मलूल पडतात"? दोन्हीत फरक आहे आणि उपाय अगदी उलटे आहेत.

पाणी कमी पडलं की पान हाताला लुळं, पातळ लागतं आणि पाणी दिल्यावर तासा-दोन तासांत उभं राहतं. मुळं बुडली की टोमॅटोत वेगळंच घडतं: ऑक्सिजन नसलेल्या मुळांमधून इथिलीन (झाडातलं वायुरूप संप्रेरक) ज्यापासून बनतं ते द्रव्य खोडातून वर जातं, पानाच्या देठाची वरची बाजू जास्त वाढते आणि देठ खाली वाकतो. पान मात्र ताठ आणि भरलेलं असतं. देठ हलकेच वर उचलून बघा. स्प्रिंगसारखा परत खाली गेला तर बादली बुडलेली आहे.

बुडलेली मुळंही पाणी कमी ओढतात, त्यामुळे पुढच्या टप्प्यात ओल्या बादलीतलं झाडसुद्धा खरंच मलूल पडतं. तेव्हा आणखी पाणी दिलं जातं, आणि तिथून पुढे मुळकुज.

---

अर्धीबादली:

मोजमापं घेतली.

ड्रिपर: १५ मिनिटांत एका बादलीत ८०० मिली, दुसरीत ७७०.
भरलेलं वजन: ८.६ किलो. दिव्यांखाली ६ तासांनी ८.० किलो.
रात्रभराची घट: ०.२ किलो.
निचऱ्याचा ईसी: १.८. आत जाणारं द्रावण १.७.
देठ ताठ आहेत, उचलले की परत खाली जातात. बादलीच्या निचरा भोकातून डोकावणारी मुळं फिकट तपकिरी आहेत, वास नाही.

ट्रे आणि बादल्यांसाठी वेगळा पंप घ्यायची तयारी आहे. टाकीही वेगळी लागेल का?

---

ठिबक_ठिबक:

छान, आता अंदाजाचं काम उरलं नाही.

८०० मिली × १२ = ९.६ लिटर. २४ नव्हे, पण गरजेच्या सहापट आहेच.

गरज: ६ तासांत ६०० मिली म्हणजे ताशी १०० मिली. दिव्याचे १४ तास = १.४ लिटर, रात्रीचे ०.२. एकूण १.६ लिटर. त्यावर साधारण १५ टक्के निचरा हवा, म्हणजे द्यायचं पाणी १.६ ÷ ०.८५ = १.९ लिटरच्या जवळ.

एका वेळी किती? माध्यमाच्या आकारमानाच्या ३ ते ५ टक्के. १२ लिटरला ३६० ते ६०० मिली. मी ३७० धरतो. तुमच्या ड्रिपरना त्यासाठी ७ मिनिटं लागतील. ३७० × ५ = १.८५ लिटर. म्हणजे दिवसातून ५ वेळा, ७-७ मिनिटं.

वेळा: ७.००, ९.३०, १२.००, २.३०, ५.००. दिवे लागल्यावर तासभर मुद्दाम सोडला आहे, झाड आधी थोडं पाणी ओढून जागा करू दे. शेवटचं पाणी दिवे जायच्या तीन तास आधी, म्हणजे रात्रीत शिरताना बादली तुडुंब नसते. संध्याकाळी ५ ते सकाळी ७ एकूण घट ६०० मिली होईल: दिव्यांचे तीन तास ३००, रात्रीचे २००, सकाळचा एक तास १००. बादलीत धरलेलं पाणी साडेसहा लिटरच्या घरात असणार, म्हणजे घट ९ टक्के. कोकोपीटमध्ये रात्रीतून ८ ते १२ टक्के घट ही चांगली श्रेणी आहे. हवा आत येते आणि क्षारही फार घट्ट होत नाहीत.

बादल्यांना रात्री पाणी नाही.

खिट्टीच्या टायमरवर ७ मिनिटं जमणार नाहीत. एका मिनिटापर्यंत वेळ लावता येणारा डिजिटल टायमर लागेल. तो येईपर्यंत सकाळी ७, दुपारी १२ आणि ४ अशा तीन खिट्ट्या ठेवा. निचरा ३० टक्क्यांच्या आसपास जाईल, म्हणजे थोडं जास्तच, पण तात्पुरतं चालेल. पंप अजून एकच असेल तर ट्रेलाही तीनदाच पाणी मिळेल. वाढलेल्या लेट्यूसला ते कमी पडेल, म्हणून मध्ये दोनदा ट्रेवर मगाने द्रावण ओता.

निचऱ्याचा ईसी आत जाणाऱ्याइतकाच असल्याने क्षार साचलेले नाहीत हे कळलं. नवीन वेळापत्रकात तो वाढेल, घाबरू नका. आतल्यापेक्षा ०.५ ते ०.८ जास्त असेल तर ठीक. १ च्या पुढे गेला तर एका वेळची मिनिटं ७ ची ९ करा, वेळा वाढवू नका. उलट निचरा अजिबातच येत नसेल तर क्षार तळाशी गोळा होतात आणि महिन्याभरात पानांच्या कडा करपायला लागतात.

---

मुळारंभ:

दाबाचा मुद्दा मान्य, माझा हिशेब छापील आकड्यावर होता.

टाकीबद्दल: हो, वेगळी करा. लेट्यूसला ईसी ०.८ ते १.२ पुरतो, फळावर आलेल्या टोमॅटोला २ ते ३ लागतो. १.७ हा मधला आकडा दोघांनाही नीट मानवत नाही. शिवाय कोकोपीटचा तपकिरी निचरा ट्रेच्या पाण्यात जाणं थांबेल. बादल्यांसाठी २० लिटरची टाकी पुरे. दोन झाडांना मिळून रोज पावणेचार लिटरच्या आसपास द्यायचंय, निचरा परत येतोच.

टाकीची पातळी उतरल्यावर काय घालायचं हे ईसी सांगतो. पातळी उतरली आणि ईसी वाढला तर झाडांनी पाणी जास्त प्यायलंय, साधं पाणी घाला. समजा ४० लिटर टाकीत ३० उरले आणि ईसी २.२ झाला: १० लिटर साध्या पाण्याने तो २.२ × ३० ÷ ४० = १.६५ वर येईल. साध्या पाण्याचा स्वतःचा ईसी असतो, तेवढा किंचित जास्त धरा. पातळी उतरून ईसी घटला तर पोषकद्रव्य कमी पडतंय, पूर्ण ताकदीचं द्रावण घाला. दोन आठवड्यांनी टाकी रिकामी करून नवं द्रावण. ईसी मीटरला एकूण क्षार कळतात, त्यातलं नायट्रोजन संपून सोडियम उरलंय हे कळत नाही.

---

हिरवीपेटी यांचा प्रतिसाद:

याच धाग्यात विचारते. माझ्याकडे एअर पंप लावलेले डबे आहेत, शिवाय पंप नसलेल्या, नुसत्या पाण्यावरच्या दोन बरण्या. त्यांना "किती वेळा"चा नियम काय? आणि पाइपमधून पाणी वाहणारी मांडणी केली तर?

---

जलपर्णी:

डब्यांना पाणी "द्यायचं" नसतं, पातळी राखायची असते. सुरुवातीला पाणी नेट पॉटच्या तळाला टेकेल इतकं, मुळं १०-१२ सेंमी खाली उतरली की पातळी तळापासून २-३ सेंमी खाली. एअर पंप चोवीस तास. त्याला टायमर लावून वीज वाचवायला जाऊ नका. द्रावण १८ ते २४ अंशांत ठेवा. २० अंशांना पाण्यात लिटरमागे जेमतेम ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना साडेसात, आणि उष्णतेने मुळांची भूक मात्र वाढते. पिथियम हा मुळकुजीचा बुरशीसारखा सूक्ष्मजीव नेमका अशाच वेळी घुसतो: मुळं तपकिरी, बुळबुळीत, साल ओढली की सुटून येते आणि आत दोऱ्यासारखा गाभा उरतो.

बरण्यांचं, म्हणजे क्रॅटकी पद्धतीचं, तर बिलकुल उलट आहे. पातळी खाली जाणं हाच त्या पद्धतीचा गाभा. उघडी पडलेली वरची मुळं हवेतून ऑक्सिजन घेतात. बरणी परत काठोकाठ भरली की तीच मुळं बुडतात आणि एक-दोन दिवसांत झाड मान टाकतं. एका लेट्यूसला ४ लिटरची बरणी घेतली तर बहुतेक वेळा काढणीपर्यंत काहीच घालावं लागत नाही. घालायचंच झालं तर तळातल्या पाण्यात थोडीच भर, निम्मी बरणी मोकळी राहिली पाहिजे. बरणीवर उजेड जाणार नाही असं आवरण हवं, नाहीतर शेवाळ.

पाइप: सतत प्रवाह, प्रत्येक पाइपला मिनिटाला १ लिटरपासून सुरू करा, मीटरला अडीच सेंमी उतार. मुळांचा जाड गालिचा तयार झाल्यावर १५ मिनिटं चालू, १५ बंद चालतं. त्याआधी नको.

---

अर्धीबादली:

ट्रेमध्ये नवी रोपं लावायची आहेत. त्यांची मुळं अजून प्लगच्या (बी रुजवलेल्या छोट्या ठोकळ्याच्या) बाहेर जेमतेम १ सेंमी आहेत. वरचे ३ सेंमी बॉल कोरडे ठेवले तर त्यांना पाणी पोचेल का? आणि वीज गेली तर काय किती वेळ तग धरेल?

---

मुळारंभ:

प्लगचा तळ भरतीच्या पातळीच्या १ सेंमी खाली येईल इतकं रोप खोल बसवा. पातळी वर नेऊ नका. शिवाय पहिले ४-५ दिवस रोज एकदा प्रत्येक रोपाच्या बुडाशी ३०-४० मिली द्रावण हाताने घाला, निम्म्या ताकदीचं, ईसी ०.५-०.६. नेट पॉटच्या जाळीतून पांढरी मुळं बाहेर दिसली की हाताने देणं बंद. प्लग सतत चिंब राहिला तर रोप बुडाशी बारीक होऊन कोलमडतं, म्हणून वरून देताना खोडावर पाणी ओतू नका.

एक नळकामाचं: ओव्हरफ्लो पाइप पाणी आणणाऱ्या नळीपेक्षा जाड हवा. आत १३ मिमी असेल तर बाहेर २० ते २५ मिमी. दोन्ही सारख्या असतील तर एखादं पान अडकलं की ट्रे काठावरून सांडतो. आणि पंप बंद झाल्यावर ट्रेमधलं १५-१६ लिटर एकदम खाली येतं, तेवढी जागा टाकीत मोकळी असायला हवी. टाकी भरताना ट्रे रिकामा असताना भरा.

---

ठिबक_ठिबक:

वीज: कोकोपीटची बादली एक दिवस सहज काढते, धरलेल्या साडेसहा लिटरमधले दीड लिटर गेले तरी झाड तगतं. क्ले बॉलचा ट्रे भर दिव्यांखाली ४-५ तास, दिवे बंद असतील तर त्याहून बराच जास्त. वीज गेली की दिवेही जातात, त्यामुळे प्रत्यक्षात सवलत मिळते. हिरवीपेटी, तुमच्या बेतातल्या पाइपमध्ये मात्र उकाड्यात तासा-दोन तासांत पानं मलूल पडतील, तिथे बॅटरीवर चालणारा छोटा पंप हाताशी ठेवा.

अर्धीबादली, बादल्यांचं वजन पहिली फळं फुगायला लागली की पुन्हा घ्या. तेव्हा तहान दिवसाला अडीच लिटरपर्यंत जाऊ शकते. त्या वेळी मिनिटं ७ च ठेवून वेळा ५ च्या ८ करा, दिवसाच्या मधल्या तासांत दाटीने. फळधारणेत एक दिवस कोरडं आणि दुसऱ्या दिवशी भरपूर असं झालं तर चेरी टोमॅटो तडकतात. मोठ्या फळांच्या जातींत फळाचं बूड काळं पडतं, कारण कॅल्शियम पाण्याच्या ओढीबरोबरच फळापर्यंत पोचतं. खालची पिवळी झालेली पानं परत हिरवी होणार नाहीत, काढून टाका. नवी पानं ताठ आणि आडवी येतायत का ते बघा.